ग्रॅम पाठ आहेत, रुपये नाहीत

(एका माजी फौजी वाचकाचं पत्र आलं. मोठं होतं, कापून देतोय, खाली माझं उत्तर. नाव-गाव काढून टाकलंय.)

"दादा नमस्कार. मी 2000 साली भरती झालो, 2024 ला हवालदार म्हणून पेन्शन आलो. लहानपणी बाबा 26 जानेवारीला सीताबर्डीचा किल्ला पाहायला न्यायचे, तिथला गेटवरचा संतरी पाहून मी तेव्हाच ठरवलं होतं की आपल्याला हेच व्हायचं आहे. कारगिल झालं तेव्हा बारावीत होतो, मंग तर डोक्यात दुसरं काही राहिलंच नाही. जीडीच्या (म्हणजे साध्या लढणाऱ्या जवानाच्या) मेरिटमध्ये नाव नाही आलं, ट्रेड्समनमध्ये आलं, कुक म्हणून. घेतलं. गार्ड्स रेजिमेंटमध्ये गेलो, ट्रेनिंग कामठीलाच, घरून सायकलनं जाता येईल इतकं जवळ. 24 वर्षं लंगरात, म्हणजे फौजेच्या स्वैपाकघरात काढली. आता साळा म्हणतो सिक्युरिटी एजन्सी काढू, नाव तुमचं, काम माझं, 12 लाख तुम्ही टाका. मला हिंगणा एमआयडीसीत डब्ब्याचं काम करावंसं वाटते. साळा म्हणतो फौजी माणूस डब्बे विकणार का, लोक काय म्हणतील. खरं सांगतो, मलाही थोडं तसंच वाटते. कॉलनीत सगळे फौजी साहेब म्हणतात, मी कुक होतो हे कोणाला सांगितलेलं नाही, बॉर्डरवर होतो एवढंच सांगतो. काय करू?"

भाऊ, तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा बायकोला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, आधी या माणसाला जेवायला बोलवा. मी म्हटलं बाई, तोच स्वैपाकी आहे, तोच आपल्याला बोलवेल.

आणि ते संतरीचं वाचून हसू आलं, आपल्या नागपुरात संतरी म्हटलं की लोक फळच समजतात.

आधी कुकचंच बोलू, कारण तुम्ही ते पत्राच्या शेवटी एका वाक्यात टाकलं आणि मला तर वाटते सगळं पत्र त्याच्यासाठीच लिहिलं. माझं ऐका. मी लहान असताना कामठी रोडनं मिलिटरीचे शक्तिमान ट्रक जायचे, लाईननं, आणि मला रणगाडा चालवायचा होता. रणगाडा प्रत्यक्ष कधी पाहिला नव्हता, पण चालवायचा होता. 1988 ला भरती झालो, मिळालं ईएमई, म्हणजे फौजेच्या गाड्या-मशिनी दुरुस्त करणारी शाखा, व्हेईकल मेकॅनिक. सिकंदराबादला ट्रेनिंग आणि मंग 22 वर्षं गाड्यांच्या खाली. आई गावात सांगायची पोरगा रणगाडा चालवते. मी कधी नाही म्हटलं नाही. सुट्टीवर आलो की नखातलं ग्रीस घासून घासून काढायचो, कोणी हात पाहू नये म्हणून. तर तुम्ही जे करून राहिले न, ते मी वीस वर्षं केलेलं आहे.

आता तुमच्या लोकांबद्दल मला काय माहीत आहे ते सांगतो. लेहला होतो, जानेवारी, गाड्या सकाळी सहाला काढायच्या म्हणजे आम्ही पहाटे चारला गाडीखाली. डिझेल मेणासारखं जमलेलं. (आता 2019 पासून इंडियन ऑइलनं लडाखसाठी वेगळं हिवाळी डिझेल काढलं आहे, उणे 33 पर्यंत चालते म्हणतात. आमच्या वेळी तसलं काही नव्हतं, चेंबरखाली स्टोव्ह लावा आणि देवाचं नाव घ्या.) तर आम्ही चारला उठायचो आणि लंगरात दिवा आधीच लागलेला असायचा, कारण कुक तीनला उठलेला. साडेअकरा हजार फुटांवर पाणी 88 डिग्रीच्या आसपासच उकळून जाते, तिथं डाळ शिजवणं म्हणजे काय ते तुम्हाला मी काय सांगू, कुकरचं एक रबर फाटलं की अख्खी पलटण कच्ची डाळ खाणार. आमचा कुक केरळचा होता. तो मगातला चहा हातमोज्यात धरून गाडीखाली वाकून द्यायचा, कारण आम्ही बाहेर आलो तर पुन्हा आत जाणार नाही हे त्याला माहीत होतं. मला कमांडरची नावं आठवत नाहीत, तो चहा आठवते.

आणि रेंजवर फायर तुम्हीही केलं, बीपीईटी (फौजेची फिटनेस टेस्ट) तुम्हीही धावले, पोस्टवर माणसं कमी पडली की संतरी ड्युटी तुम्हीही केली. तर मंग बाबांनी दाखवलेल्या त्या गेटवरच्या माणसात आणि तुमच्यात फरक काय राहिला ते मला समजलं नाही. आता तुम्ही म्हणाल हे सगळं बोलायला ठीक आहे. हो, बोलायलाच आहे. शरम एका पत्रानं जात नाही, माझी, डिझेल पंप दुरुस्तीचा धंदा सुरू केल्यावर, तिसऱ्या वर्षी गेली, जेव्हा एका ड्रायव्हरनं दुसऱ्याला माझ्यासमोर सांगितलं की पंप उघडायचा तर फौजीकडेच उघड, तो बोल्ट मोजून परत लावते.

आता पैशाचं, कारण साळ्याची नजर तिथं आहे.

12 लाख हा आकडा कुठून आला असेल ते मी ओळखतो. कम्युटेशन (पेन्शनचा काही भाग विकून एकरकमी मिळालेले), ग्रॅच्युइटी, एजीआय (फौजेचा विमा), फंड, लीव्हचे पैसे, हे सगळं एकदम खात्यात आलं आणि पहिल्यांदा पासबुकात एवढे आकडे दिसले. यातलं कम्युटेशन म्हणजे बक्षीस नाही हे पक्कं ध्यानात ठेवा. आपल्याला अर्ध्यापर्यंत पेन्शन विकता येते आणि ती 15 वर्षांनी परत सुरू होते. म्हणजे ते पैसे तुमच्याच पुढच्या 15 वर्षांच्या महिन्याच्या पेन्शनमधून कापून आज हातात दिलेले आहेत. तुम्ही 43 ला निघाले, ती कापलेली पेन्शन 58 ला परत येईल, तोपर्यंत घर उरलेल्या पेन्शनवर. हे पैसे बुडाले तर पुढची 15 वर्षं बुडाली, एवढा सरळ हिशोब आहे तो. घरच्या पेन्शनला तर धंद्यानं हातच लावायचा नाही, ती वहिनींच्या खात्यावर वळती करून टाका आणि विसरून जा.

साळ्याची एजन्सी. धंदा वाईट नाही, इमानदारीचा आहे, आपले किती तरी लोक त्यात आहेत. पण त्याचं इंजिन कसं चालते ते पाहा. 2005 चा कायदा आहे, पसारा म्हणतात त्याला, लायसन्सशिवाय एजन्सी चालवली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा 25 हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. लायसन्सची फी कायद्यातच लिहिलेली आहे, एका जिल्ह्याला 5 हजार, पाच जिल्ह्यांपर्यंत 10 हजार, अख्ख्या राज्याला 25 हजार, म्हणजे फी काही मोठी नाही. मोठं काय आहे? समजा 25 गार्ड ठेवले, 15 हजार पगार. महिन्याला पावणेचार लाख. त्याच्यावर तुमच्या बाजूचा 12 टक्के पीएफ, सव्वातीन टक्के ईएसआय (कामगारांचा दवाखान्याचा विमा), म्हणजे आणखी 57 हजार. सव्वाचार लाखाच्या वर गेलं आणि अजून वर्दी, काठी, टॉर्च, ऑफिसचं भाडं धरलंच नाही. गार्डचा पगार 7 तारखेला द्यावाच लागते, नाही दिला तर 8 ला गेटवर कोणी नसते. पीएफ 15 तारखेच्या आत भरावा लागते. आणि सोसायटीचं, कंपनीचं बिल? दीड महिना, दोन महिने, कधी चेअरमन बदलला म्हणून तीन. म्हणजे तुमचे 12 लाख तिसरा महिना संपेपर्यंत लोकांच्या गेटवर उभे आहेत आणि तुम्ही घरी बसून फोन करून राहिले की साहेब बिलाचं काय झालं.

आणि "नाव तुमचं, काम माझं" हे तर मी अजिबात मानत नाही. लायसन्स तुमच्या नावावर तर पोलीस व्हेरिफिकेशन तुमचं, पीएफची नोटीस तुमच्या नावानं, एखादा गार्ड रात्री दारू पिऊन झोपला आणि कंपनीतून तांब्याची तार गेली तर बोलावणं तुम्हाला. साळा तेव्हा म्हणेल, जावई, तुम्हीच सांभाळा, तुमचं फौजीचं वजन आहे.

पण घरात भांडण नको, वहिनींना दोन्हीकडून त्रास होईल. त्याला असं सांगा की बावा, तू काढ एजन्सी तुझ्या नावानं, मी सहा महिने सुपरवायझर म्हणून पगारावर येतो, गार्डची ट्रेनिंग, रोलकॉल, रात्रीची चेकिंग सगळं मी बघतो. कायद्यातही माजी सैनिकांना प्राधान्य द्यायचं म्हटलेलं आहे, त्यामुळे तुम्ही त्याच्या कामाचेच आहात. तो तयार झाला तर त्याला खरंच धंदा करायचा आहे. तोंड वाकडं केलं तर समजून जा त्याला काय हवं होतं.

आता डब्बा.

इथं मी तुम्हाला एक गोष्ट सांगतो जी मला कोणी सांगितली नव्हती. फौजेनं आपल्याला सगळं शिकवलं, फक्त भाव शिकवला नाही. तुम्हाला एका जवानाचं राशन ग्रॅममध्ये पाठ आहे, पीठ किती, तांदूळ किती, डाळ किती, तेल किती. शंभर माणसांचा भात तुम्ही झोपेत काढाल आणि एक परात उरणार नाही. अंदाज, वेळ, साफसफाई, साठवण, उद्याचा इंडेंट (सामानाची मागणी) आज, हे बाहेरच्या हॉटेलवाल्याला दहा वर्षांत येत नाही. पण राशन स्टँडवरून जे यायचं ते कितीला यायचं हे तुम्हाला कधी कोणी विचारलं का? मला पण नाही. गाडीचा इंजेक्टर गेला, डिमांड टाकली, आला. बाहेर आल्यावर पहिल्यांदा दुकानात त्याची किंमत ऐकली तर मी विचारलं, जोडीची न? दुकानदार म्हणाला एकाची. तर तुम्हाला ग्रॅम पाठ आहेत, रुपये नाहीत, आणि ते शिकायला फार तर तीन महिने लागतात, पण पैसे टाकायच्या आधीचे तीन महिने पाहिजेत, नंतरचे नाही.

काय करायचं, एक वही घ्या. रोज सकाळी कळमन्याच्या भाजी मार्केटात जा, काही विकत घ्यायचं नाही, नुसता कांदा, बटाटा, टमाटर, भाव लिहायचा. आठवड्यातून एकदा इतवारीत, तूरडाळ, तांदूळ, तेल. पंधरा दिवसांनी वही उघडून पाहाल तर तुम्हाला टमाटर रडवेल. मंग एका माणसाच्या डब्ब्याचं तुमच्या ग्रॅमच्या हिशोबानं कॉस्टिंग काढा, चार पोळ्या, भाजी, वरण, भात, कांदा-लिंबू.

मी इथं नागपूरजवळच्या वाडीत माझ्या दुकानात बसून एक अंदाज मारतो, भाव तुम्ही तुमचे टाका. 80 रुपयांचा डब्बा, 40 गिऱ्हाईक, महिन्याचे 26 दिवस. 83 हजार 200 आले. किराणा-भाजी एका डब्ब्याला 35 धरली तर 36 हजार 400. गॅस साडेसात हजार, पोळ्यांना एक बाई 9 हजार, पोचवायला पोरगा आणि त्याचं पेट्रोल 12 हजार, फुटकळ 2 हजार. उरले 16 हजार 300. आता तुम्ही म्हणाल एवढंसंच? हो, एवढंसंच, आणि त्यात तुमची आणि वहिनींची मजुरी धरलेली नाही. पण 80 डब्बे झाले की गॅस दुप्पट होत नाही, पोरगा तोच दोन फेऱ्या मारते, एक बाई वाढते, तेव्हा माझ्या हिशोबानं चाळीस हजारांच्या आसपास उरायला पाहिजेत. म्हणजे तुमची लढाई 40 वरून 80 वर जायची आहे. आणि हे सगळं उभं करायला 12 लाख नाही लागत, भांडी, भट्टी, डब्बे, जुनी स्कूटी धरून दीड-दोन लाखांत होते. बुडलं तर दोन लाखांत बुडेल, माणूस उठू शकते त्याच्यातून.

कागदाचं थोडक्यात. एफएसएसएआयची (खाण्याच्या वस्तूंवर लक्ष ठेवणारं सरकारी खातं) नोंदणी करा, छोट्या धंद्याला फी काही मोठी नाही, ती नाही केली तर कंपनीचा एचआरवाला आत घेणार नाही. गॅस निळा, 19 किलोवाला. घरचा लाल सिलेंडर धंद्यात लावायचा नाही, सगळे लावतात हे मला माहीत आहे, तरी नाही. उद्यम नोंदणी (छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी) ऑनलाइन आहे, फुकट, ती पहिल्याच दिवशी करा. तिचा फायदा नंतर, एखाद्या कंपनीचं महिन्याच्या बिलावर काम मिळालं की. 2006 च्या एमएसएमई (लहान-मध्यम धंद्यांच्या) कायद्यात लिहून करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यायचे आहेत, आणि आता इन्कम टॅक्समध्ये असं बसवलं आहे की वेळेत दिले नाहीत तर कंपनीला तो खर्च पैसे देईपर्यंत दाखवता येत नाही. त्यामुळे त्यांचा अकाउंटंट उद्यमवाल्याचं बिल गठ्ठ्यात जरा वर ठेवते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवलं नसेल तर तेही करून टाका, पोरांच्या शिक्षणासाठी कामात येते.

आता माझी फजिती ऐका, कारण तुमची होणार ती इथंच होणार.

2011 ला मी वाडीत शेड टाकली, डिझेल पंप आणि इंजेक्टरचं काम. दुसऱ्या वर्षी एक ट्रान्सपोर्टवाला आला, अकरा गाड्या, गोड माणूस, जय हिंद म्हणूनच हात मिळवायचा. महिन्याच्या महिन्याला देतो म्हणाला. पहिले तीन महिने दिले. मंग अर्धे. मंग पुढच्या महिन्यात. मी त्याच्या ऑफिसात जायचो आणि भाऊ, मला मागताच यायचं नाही. खरंच यायचं नाही. 22 वर्षं पगार आपोआप खात्यात यायचा, कोणाच्या तोंडावर "माझे पैसे द्या" कधी म्हटलेलं नव्हतं. मी तिथं सावधानमध्ये उभा राहिल्यासारखा उभा राहायचो, तो चहा मागवायचा, कारगिलच्या गोष्टी विचारायचा, मी सांगायचो आणि चहा पिऊन परत यायचो. असे 3 लाख 40 हजार झाले. दोन वर्षांत तुकड्या-तुकड्यात 1 लाख 90 मिळाले, बाकीचे आजपर्यंत नाही. बायकोच्या बांगड्या गेल्या त्यात, एका पोरीची फी उशिरा भरली.

त्यानंतर काउंटरवर बायको बसायला लागली. तिनं एकच नियम केला, पैसे आधी, चाबी नंतर. ती कोणाला कारगिल सांगत नाही, चहा पाजत नाही, नुसती वहीकडे पाहते. धंदा तिनं वाचवला हे मी सगळ्यांना सांगतो, तिच्यासमोर जरा कमी सांगतो.

तर तुमच्या डब्ब्याचे पैसे महिन्याचे आगाऊ घ्यायचे, 1 तारखेला. उधारी मागणारा पहिला माणूस नक्की आपलाच कोणी माजी फौजी असेल, त्यालाही नाही म्हणायचं. तोंडावर येत नसेल तर वहिनींना बसवा, त्या साळ्याच्या बहीण आहेत, त्यांना मागायचं माहीत असेल, राग मानू नका गंमत करतो.

उन्हाळ्यात सुरू करू नका. तुम्ही लडाखला डाळ शिजवली असेल, पण नवतप्यात 45 डिग्रीत डब्बा साडेअकराला निघून दीडला उघडला की तीच डाळ फेस धरते, आणि हिंगण्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवला असेल तर विचारूच नका. मार्च ते जून फक्त वही आणि कॉस्टिंग. जुलैत दहा डब्बे, ओळखीच्या एकाच कंपनीत, पावसात पोचवणं जमते का पाहा. गणपतीत कॉलनीचा महाप्रसाद असेलच, दरवर्षी बाहेरून आचारी आणत असतील. यंदा तुम्ही घ्या. सामानाचे आणि मजुरीचे पैसे मंडळाकडून घेऊन घ्या, सेवा म्हणून फुकट करायचं नाही, हिशोब वहीत लिहायचा. तीनशे माणसांचं जेवण वेळेवर, गरम, आणि शेवटच्या पंगतीला पण पहिल्यासारखंच पडलं की कोणी तरी विचारेलच, साहेब हे कुठं शिकले. तेव्हा सांगून टाका. त्याच्यापेक्षा सोपी जागा तुम्हाला मिळणार नाही, हातात झारा असेल आणि समोरच्याचं तोंड भरलेलं असेल.

नावाचं विचारलं नाही तुम्ही, पण मी सुचवतो. बोर्डावर मोठ्या अक्षरात फक्त "लंगर" लिहा, खाली छोट्यात माजी सैनिक. फौजी एजन्सी नागपुरात गल्लोगल्ली दिसतात, फौजी कुकचा डब्बा मी अजून पाहिलेला नाही.

जुलैत सुरू झाले की वाडीला दोन डब्बे लावा, एक मला, एक काउंटरवरच्या बाईला, आम्हाला तिखट चालते. पैसे महिन्याचे आगाऊ घ्या, आणि दादा तुमच्याकडून काय घ्यायचं असं म्हणाले तर तेव्हाच बंद करीन.